चंद्राचं खळं

परवा मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी आमच्याजवळ येऊन उभी राहिली. आदल्या रात्री तिने चंद्राभोवती मोठा गोल पाहिला होता. दादी म्हणाली, घरातल्या कुणावर तरी मुसीबत येणार. "सर, माझे अब्बा रियाधला आहेत," एवढंच बोलली आणि रडू लागली.

आम्ही तिला आधी पाणी दिलं, मग फळ्यावर गोल काढला.

मराठीत याला खळं म्हणतात, उर्दूत हाला. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी हाला आणि इंद्रधनुष्य यांवर ग्रंथ लिहिला होता. खळं दिसतं ते उंचावरच्या पातळ, पांढुरक्या ढगांमुळे. हे ढग सहा किलोमीटरच्याही वर असतात. खाली संभाजीनगरात मे महिन्याचं ऊन तापत असलं तरी तिथे पाणी गोठलेलं असतं. बर्फाचे ते बारीक कण पेन्सिलीसारखे षट्‌कोनी असतात. त्यांतून जाताना प्रकाश साधारण 22 अंशांनी वळतो, म्हणून खळ्याचा आकार दर वेळी तेवढाच. हात लांब करून अंगठा चंद्रावर धरला आणि वीत ताणली, तर करंगळी जवळजवळ खळ्यावर टेकते.

सूर्यालाही असंच खळं पडतं. 24 मे 2021 रोजी बंगळुरूत ते भरदिवसा हजारोंनी पाहिलं. मात्र सूर्याकडे थेट कधीच पाहू नये. भिंतीच्या आड उभं राहावं, सूर्य पूर्ण झाकावा आणि मगच बाजूचं आकाश पाहावं. खळ्याची आतली कड तांबूस दिसते.

राहिला अपशकुनाचा प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्यांच्या जाण्यानेच लागलं. स्वतः दुःखात असूनही प्रेषितांनी सांगितलं की, कुणाच्या जगण्या-मरण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. ग्रहणाचं असं, तर खळ्याचं काय!

दुसऱ्या दिवशी मुलगी हसत आली. रात्री तिने दादीला गच्चीवर नेऊन वीत धरायला शिकवली होती. खळं काही दिसलं नाही. पण रियाधहून अब्बांचा फोन आला, तेव्हा सगळी हकीकत दादीनेच त्यांना सांगितली.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादं मूल अशीच भीती मनात धरून बसलं असेल. एकदा त्याला गच्चीवर घेऊन जा.