पेशी उतरल्या म्हणजे काय?



पावसाळा सरता सरता घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडून गावी फोन येतो, ‘पोराला डेंग्यू झालाय, पेशी ६० हजारांवर आल्या.’ मग कोणी गाडीची वेळ बघतो, कोणी पपईची पाने तोडायला धावतो. या पेशी कसल्या, हे विचारायचे राहूनच जाते.

आपण सरसकट ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतो. डेंग्यूत त्याही घटतात, म्हणून गल्लत होते. पण डॉक्टर ज्यांची चिंता करतात त्या प्लेटलेट. विळा लागला की जखमेचे तोंड बुजवतात त्या. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्या दीड ते साडेचार लाख असतात आणि आठ-दहा दिवसच जगतात. म्हणजे रोज नव्या हव्यात.

त्यांची रोपवाटिका हाडांत आहे. छातीचे हाड, बरगड्या, कणा, कमरेचे हाड यांच्या आत मगज असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तिथल्या थोराड पेशींचे बारीक तुकडे पडून प्लेटलेट बनतात. डेंग्यूचा विषाणू अंगात शिरला की मज्जेचे हे काम मंदावते. त्यातच रक्तातल्या तयार प्लेटलेटही शरीराच्या विषाणूशी चाललेल्या झुंजीत मारल्या जातात. इकडे तरवा उगवेना आणि तिकडे उभे पीक गुरांनी खाल्ले, अशी गत! पण वाफा कायमचा जळत नाही, बरे का. विषाणू हटला की मज्जा पुन्हा कामाला लागते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आकडा आपोआप चढू लागतो. नेमका त्याच सुमारास पपईचा रस पाजलेला असतो, आणि श्रेय पपईला जाते. कडू रसाने पोराला उलट्या झाल्या, तर मात्र अंगातले पाणी जाऊन नुकसानच.

कारण खरा धोका त्या आकड्यात नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरचे म्हणतात ‘सुटलो’, आणि तेव्हाच काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागते. पोटात जोराचे दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, लघवी कमी, जीव कासावीस होणे, यांतले एक जरी दिसले तरी तडक दवाखाना गाठा. एरवी पेज, ताक, शहाळे, मीठ-साखरेचे पाणी देत राहा. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. ॲस्पिरिन, ब्रुफेन मुळीच नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा बघून प्लेटलेटची पिशवी चढवण्याचा हट्टही धरू नका.

हा आजार गरीब-श्रीमंत बघत नाही. अंधेरीत स्वतःचा स्टुडिओ असलेले चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा २१ ऑक्टोबर २०१२ रोजी डेंग्यूनेच गेले. पैशाची, डॉक्टरांची काय उणीव होती?

आणि पोरगा तापातच गावी आला, तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत निजवा. हा डास दिवसाच चावतो. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी शेजारच्या घरी ताप पोचवतो. तो वाढतो तुमच्याच रांजणात, गोठ्यामागच्या टायरात, परसातल्या करवंटीत, साठलेल्या स्वच्छ पाण्यावर. रांजण आठवड्यातून एकदा रिता करून आतून काथ्याने खसखसून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत.