सूत्रे आहेत, दृष्टान्त कुठे आहेत?

दिवाळी अंकाच्या वाचकापुढे संगणकाच्या आज्ञांचा विषय काढायचा म्हणजे फराळाच्या ताटात खिळेमोळे वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. तरीही मी ते वाढणार आहे. कारण माझे भांडण संगणकाशी नाही, लिहिणाऱ्यांशी आहे. लिहिणारा वाचणाऱ्याचे काय देणे लागतो, एवढाच प्रश्न मला विचारायचा आहे. आणि तो साहित्याच्या पानांवर विचारायचा नाही तर कुठे विचारायचा?

मी सेनगावचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यातला हा तालुका. सोयाबीन, हळद आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हे आमचे भांडवल. इथल्या एका शाळेत दहाबारा संगणकांची एक खोली आहे. तिची देखभाल माझ्याकडे आली, ती मला त्यातले फार कळते म्हणून नव्हे, इतरांना माझ्याहूनही कमी कळते म्हणून. यंत्रे जुनी आणि परवान्याला पैसे नाहीत, म्हणून सगळ्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली घातलेली. बाहेरून येणारी तार एका यंत्रात शिरते आणि ते यंत्र बाकीच्यांना इंटरनेट वाटून देते. पाटाचे पाणी बारे धरून वाफ्यावाफ्यांत सोडावे तसे.

एकदा बाहेरच्या जोडणीचा पत्ता बदलला. नवा पत्ता यंत्राला सांगायचा होता. लिनक्समध्ये हे काम करणारी आज्ञा आहे, तिचे नाव ‘आयपी’. तिची माहिती ‘मॅन’ म्हणजे मॅन्युअल या आज्ञेने पडद्यावर येते. मी ते पान उघडले आणि दुपारभर त्याच्याशी कुस्ती खेळलो. चौकोनी कंस, महिरपी कंस, उभ्या रेघा. शब्द थोडे आणि कुंपणे फार. अखेर कसेबसे जमले. इंटरनेट सुरू झाले, मुलांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला सुरुवात केली, आणि मी छाती फुगवून एका साखरपुड्यासाठी परभणीला गेलो.

रात्री वीज गेली. आमच्याकडे ही बातमी नव्हे. पहाटे वीज आली, यंत्र उठले, आणि उठल्यावर त्याला जुनाच पत्ता आठवला. कारण ‘आयपी’ ही आज्ञा जो बदल करते, तो यंत्राच्या चालू स्मरणात करते. यंत्र बंद झाले की तो गेला. कायमचा बदल हवा असेल तर तो एका वेगळ्या फायलीत लिहून ठेवावा लागतो, आणि ती फाइल कोणती हे त्या त्या प्रणालीच्या मर्जीवर असते. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी नव्हते. ज्या पानाशी मी दुपारभर झुंजलो होतो, त्यावर ही गोष्ट मला कुठेही ठसठशीत लिहिलेली आढळली नाही.

तो अर्जांचा शेवटचा दिवस होता. परभणीच्या मांडवातून मी फोनवर नववीतल्या एका मुलाला एकेक अक्षर सांगत होतो. ‘पत्ता टाक’ म्हणालो, त्याने टाकला. पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि चोवीस हा आकडा टाकायचा असतो, ते सांगायचे माझ्याकडून राहिले. यंत्राने तक्रार केली नाही. त्याने मुकाट्याने चोवीसच्या जागी बत्तीस धरले. बत्तीस याचा अर्थ असा, की या गल्लीत माझे एकट्याचेच घर आहे, शेजारी कोणी नाही. आता ज्याला शेजारीच नाही, त्याला गावाची वेस कोण दाखवणार? पुढच्या आज्ञेत बाहेरची वाट सांगितली, तेव्हा यंत्राने ती नाकारली. का नाकारली ते मला कळेना, आणि त्या मुलाला तर त्याहून नाही.

चार मुलींचे अर्ज राहिले. मुदत वाढली नाही. त्यांतल्या एकीचे वडील दोन दिवसांनी भेटले. ‘सर, मशीन बिघडली होती का?’ त्यांनी विचारले. मी ‘हो’ म्हणालो. ते खोटे होते. मशीन बिघडली नव्हती. तिला जे सांगितले, ते तिने अक्षरशः केले होते. बिघडले होते ते सांगणे: आधी त्या पानाचे मला, आणि मग माझे त्या मुलाला.

माझ्या हलगर्जीपणाचे माप मी कमी करीत नाही. पण अनाडी माणसाच्या हातून होणाऱ्या चुका ज्याला आधी ठाऊक असतात, तो त्या लिहून ठेवत नसेल, तर त्याच्या माहितगारीचा उपयोग काय? त्या पानावर म्हटले आहे, की पत्त्याच्या पुढे तिरकी रेघ व आकडा येऊ शकतो. येऊ शकतो! वाक्यात चूक एका अक्षराची नाही. पण न आला तर काय होईल, हे त्या वाक्यात नाही. वरणात मीठ घालता येते, असे लिहिणारी पाककृती खोटी नसते, अळणी असते. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि घराघरांत गेले, ते काय त्यांना पुरणपोळीचे गूढ एकट्यांनाच उकलले होते म्हणून? घरातल्या वाटीने आणि चमच्याने त्यांनी माप सांगितले म्हणून. नवख्या सुनेचा हात कुठे चुकेल, हे त्यांनी स्वयंपाकघरात उभे राहून पाहिले होते.

आमच्या शिवारातला दाखला देतो. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर हेक्टरी किती औषध आणि किती पाणी हे बारीक अक्षरांत छापलेले असते. शेतकरी दुकानदाराला काय विचारतो? ‘पंपाला किती झाकणं?’ कारण त्याच्या पाठीवर हेक्टर नसतो, पंप असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि सगळा दोष लेबलावर टाकणे अन्यायाचे होईल. पण सूचना छापली म्हणजे सूचना दिली, हा समज किती महाग पडतो, हे आमच्या मुलखाला कोणी शिकवायला नको.

आता या मॅन्युअलांची कुळकथा पाहा. युनिक्स प्रणालीचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे आहे. डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला आणि केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ते लिहिले. प्रत्येक आज्ञेला नेमके पान, ठरलेली मांडणी. आणि कौतुकाची गोष्ट ही, की त्यात आपल्या आज्ञेचे दोष सांगायला वेगळा रकाना होता. आपल्या मालाची खोट आपल्याच हाताने लिहिणारे दुकानदार मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. पण ते पान कोणासाठी होते? शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्यासाठी. त्याला फक्त आठवण करून द्यायची होती. नडले तर तो खुर्ची वळवून विचारू शकत होता. पन्नास वर्षांत ती खुर्ची राहिली अमेरिकेत, आणि पान आले सेनगावला. पानाची मांडणी मात्र अजून शेजारी बसलेल्याशी बोलावे तशीच आहे. कंसांचा अर्थ काय, हे आज्ञेच्या पानावर नसते. ते ‘मॅन’ या आज्ञेच्या स्वतःच्या पानावर असते. म्हणजे कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटालाच कुलूप.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. महानुभाव पंथाच्या केशिराजबासांनी चक्रधरांची वचने सूत्ररूपाने जमवली. सूत्र म्हणजे गोळीबंद वाक्य. पाठ करायला उत्तम, कळायला अवघड. म्हणून त्यांनी ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टान्त आहेत आणि मांडणी तिपेडी आहे: आधी सूत्र, मग त्यावरचा दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे या गोष्टीचा त्या सूत्राशी संबंध काय याचा खुलासा. तेराव्या शतकातल्या माणसाला जे सुचले, ते आजच्या जाळेकारांना का सुचू नये? त्यांच्या पानावर सूत्र आहे. दृष्टान्त असलाच तर तळाशी, चार ओळींचा, मुका. आणि दार्ष्टान्तिकाचा पत्ता नाही: अमुक आज्ञा दिली तर काय दिसेल, न दिसल्यास काय चुकले असेल, आणि परत मागे कसे यायचे, याविषयी अक्षर नाही.

गंमत अशी, की दृष्टान्तासाठी जागा राखलेली आहे. २०१० साली इंटरनेटच्या नियमकारांनी पत्त्यांचे तीन गट केवळ लेखनातल्या उदाहरणांसाठी बाजूला काढले. १९२.०.२ ने सुरू होणारा पत्ता कोणत्याही खऱ्या यंत्राला द्यायचा नाही, तो फक्त पुस्तकात वापरायचा. गावाने गायरान सोडावे तशी ही जमीन सोडली आहे. चरायला गुरे तेवढी कोणी सोडत नाही.

यावर मला तीन उत्तरे मिळतात. पहिले असे, की हे पान संदर्भासाठी आहे, शिकवणीसाठी नाही. छान. मग शिकवणी कुठे आहे ते त्याच पानावर लिहा. शब्दकोशसुद्धा अवघड शब्दाला वाक्यात वापरून दाखवतो, आणि तेवढ्याने तो बालबोध ठरत नाही. दुसरे उत्तर असे, की ज्याला समजत नाही त्याने यंत्राला हात लावू नये. आमची नरसी ही नामदेवांची. नामदेवांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणे मारले आणि मडके कच्चे ठरवले, ही कथा इथले पोरही सांगेल. पण ती कथा तिथे संपत नाही. नामदेव औंढ्याला विसोबांकडे गेले आणि तिथे त्यांना गुरू भेटला. आमच्या जाळेपंडितांना थापटणे तेवढे हवे असते. विसोबा व्हायला कोणी तयार नसतो. शिवाय हात लावू नये म्हणजे काय? सेनगावला हात लावणारा दुसरा कोण आहे?

तिसरे उत्तर मला खरोखर अडवते. ही माणसे फुकट राबतात. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. हे मान्य. मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून दीड दशकाहून अधिक काळ लिनक्सच्या गाभ्याची मॅन्युअल पाने सांभाळली. असे कष्ट पाहिले की हात जोडावेसे वाटतात. पण याच फुकटच्या जगात चांगुलपणाचे नमुनेही आहेत. ‘नेटप्लॅन’ नावाच्या दुसऱ्या साधनात ‘ट्राय’ अशी सोय आहे: नवा बदल लावून पाहा, १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर यंत्र आपणहून जुन्या मांडणीवर परत येते. ज्या माणसाने हे सुचवले, त्याने बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारा कोणीतरी पाहिला असला पाहिजे; कदाचित तो स्वतःच असेल. यंत्रात एवढी माया ओतता येते, तर पानात का येऊ नये? आणि फुकटच्या कामात आम्हीही हात घालू शकतो, ही त्या धर्माच्या गाईची खरी थोरवी आहे. तिला वैरण घालायला कोणाची बंदी नाही.

म्हणून माझी मागणी चार ओळींची आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, कंसांच्या आधी, माणसाला रोज लागणारी तीन कामे पूर्ण आज्ञेसह लिहा. प्रत्येक बदलापुढे लिहा, की हा टिकाऊ की वीज जाईपर्यंतचा. काही वगळले तर यंत्र काय धरून चालते, ते लिहा. आणि परतीची वाट लिहा. यासाठी नवे संशोधन नको. एखाद्या नवख्याला शेजारी बसवून तो कुठे अडतो ते पाहायचे आणि तिथे एक वाक्य घालायचे.

पाचवी मागणी आपल्या लोकांकडे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटून झाले. आता त्या भाषेत तार जोडायला कोणी शिकवील का? आज्ञांची नावे बदला असे मी म्हणत नाही. ‘आयपी’ला ‘आयपी’च राहू द्या. पारिभाषिक शब्दांची जडजवाहिरे घडवून मूळ इंग्रजी सोपी वाटायला लावण्याची आपली हातोटी मला ठाऊक आहे. मला हवी आहे ती समजावणी. ‘गेटवे’ म्हणजे गावाची वेस, गल्लीतल्या घरी थेट जा, पण परगावचा निरोप वेशीवरूनच जाईल, एवढे सांगितले की नववीतला मुलगा बत्तीस आणि चोवीस यांतला फरक पाच मिनिटांत धरतो. मी हे करून पाहिले आहे. नागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृतात लिहू नका म्हणून सांगितले, ते संस्कृत वाईट म्हणून नव्हे; पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील म्हणून. वाचणारा कोण, हे आधी ठरवून मग लेखणी उचलणारी ही परंपरा आपली आहे.

आता त्या खोलीत भिंतीवर माझ्या हाताने लिहिलेला एक कागद लावला आहे. त्यावर तीन आज्ञा आहेत, प्रत्येकीखाली मराठीत दोन ओळी, आणि तळाशी ठळक अक्षरांत: ‘फाइलीत लिहिल्याशिवाय घरी जाऊ नये.’ कागद लावल्यापासून वीज किती वेळा गेली, ते मी मोजत नाही. परवा मी गावाला असताना पत्ता पुन्हा बदलला. एका मुलीने कागद वाचून तो यंत्राला सांगितला, फाइलीत लिहिला, यंत्र मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करून पाहिले, आणि मग मला फोन केला. ज्या चार मुलींचे अर्ज राहिले, त्यांतलीच ती एक. तिचे माझ्याकडे एका वर्षाच्या शिष्यवृत्तीचे येणे आहे, आणि ते कागदाने फिटणारे नाही. पण तो कागद आधी कोणीतरी लिहिला असता, तर हे येणे झालेच नसते.