प्रोसेसर वाढवण्याआधी मोजा

व्हर्च्युअल मशीन रखडू लागले की मागणी ठरलेली: दोनाचे चार प्रोसेसर करा. चारांनी भागले नाही तर आठ. सेटिंग्जमधला आकडा बदलायला मिनिटही लागत नाही, म्हणून हा उपाय सर्रास होतो. त्यामागे तीन समजुती आहेत: जास्त प्रोसेसर म्हणजे जास्त वेग, पडून राहिलेले प्रोसेसर कोणाला नडत नाहीत, आणि आकडा बदलला की काम झाले. तपासायला घेतल्या तर तिन्ही कोसळतात.

पहिली समजूत घ्या. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच बजावले होते की कामाचा जो भाग एकामागून एक असाच करावा लागतो, तोच शेवटी वेगाला लगाम घालतो. त्या हिशेबाने निम्मे काम असे असेल तर दोन प्रोसेसरवर वेग १.३३ पट होतो, चारांवर १.६ पट आणि आठांवर जेमतेम १.७८ पट. पुढे कितीही प्रोसेसर लावा, दुप्पट काही गाठता येत नाही. मुळात खोळंबा डिस्कपाशी असेल, तर वाढवलेले प्रोसेसरही डिस्कचीच वाट पाहत बसतात.

दुसरी समजूत जास्त घातक आहे. व्हर्च्युअल प्रोसेसर म्हणजे होस्टच्या खऱ्या कोअरवर सांगितलेला हक्क. तो किती वेळ मिळणार हे हायपरव्हायझर ठरवतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स २ मध्ये एक प्रोसेसर फार मागे पडला की मशीनचे सगळेच प्रोसेसर थांबवले जात, आणि सगळ्यांना एकदम कोअर मिळाले तरच ते पुन्हा सुरू होत. ही जुनी गोष्ट झाली, ईएसएक्स ३ पासून नियम सैल झाला, असे प्रतिपक्ष म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण नियम सैल झाला, रद्द झाला नाही. पुढे गेलेल्या प्रोसेसरला मागच्यासाठी आजही थांबावे लागते, आणि हा वेळ दाखवणारा ‘को-स्टॉप’चा रकाना ईएसएक्सटॉपमध्ये त्यासाठीच आहे.

त्याच्या शेजारी ‘रेडी’चा आकडा असतो: काम तयार आहे, पण कोअर मोकळा नाही, असा वेळ. व्हीस्फिअरच्या रिअल-टाइम आलेखात दर २० सेकंदांची बेरीज मिलिसेकंदांत दिसते. एखाद्या प्रोसेसरपुढे २००० दिसले, तर त्याचा १० टक्के वेळ रांगेतच गेला. होस्टवर आधीच गर्दी असताना प्रोसेसर वाढवले, तर ही रांग आणखी लांबते, आणि शेजारच्या मशीननाही तिचा फटका बसतो.

तिसऱ्या समजुतीचे खंडन तर पडद्यावरच दिसते. विंडोज १० प्रो जास्तीत जास्त दोन सॉकेट वापरते. तिला एकेक कोअरचे चार सॉकेट दिले, तर टास्क मॅनेजर दोनच प्रोसेसर दाखवतो. एका सॉकेटमध्ये चार कोअर दिले, तर चारही कामाला लागतात. आकडा तोच, मांडणी वेगळी.

मग प्रोसेसर वाढवूच नयेत का? जरूर वाढवावेत, पण मोजून. मशीनच्या आत सगळे प्रोसेसर कामाच्या वेळात सतत भरलेले आहेत, प्रोग्राम अनेक थ्रेडवर चालतो आणि होस्टवरचा ‘रेडी’ कमी आहे, असे दिसले तर चाराचे आठ करणे योग्यच आहे. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा मोठा कोड कंपाइल करणे यांत फरक लगेच जाणवतो. एकच प्रोसेसर तापलेला आणि बाकीचे रिकामे असतील, तर दुरुस्ती प्रोग्रामची करायला हवी.

आणि प्रोसेसर रिकामे असूनही ‘रेडी’ व ‘को-स्टॉप’ चढलेले असतील, तर आकडा खाली आणायला हवा. इथेच हात आखडतो, कारण कमी करण्यासाठी बहुधा मशीन बंद करावे लागते आणि ज्यांचे मशीन असते त्यांना ती कपात वाटते. म्हणून वाढीच्या प्रत्येक अर्जासोबत हे आकडे मागवावेत, बदलानंतर आठवडाभराने तेच पुन्हा पाहावेत, आणि फरक पडला नसेल तर देखभालीसाठी ठरलेल्या पुढच्याच वेळी जादा प्रोसेसर काढून घ्यावेत.