उजेड दिसला, पण कशाचा?

जिवंत उंदराच्या मेंदूतील चेतापेशी हिरव्या प्रकाशाने लुकलुकताना दाखविणारी चित्रे आज सहज पाहावयास मिळतात. त्यांबाबत दोन टोकांची मते संभवतात. 'उंदराच्या मेंदूशी वैद्याला काय कर्तव्य?' हे एक. 'ब्राह्मीचे मेध्यत्व आता यंत्रावर सिद्ध होईल' हे दुसरे. आमच्या मते दोन्ही घाईची आहेत.

१९६२ साली ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. २००१ मध्ये जुनिची नाकाई व सहकाऱ्यांनी त्याला कॅल्शिअम ओळखणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन 'जीकॅम्प' घडविले. चेतापेशी कार्यरत झाली की तिच्यातील कॅल्शिअम वाढते व जीकॅम्प अधिक उजळते. १९९० साली पुढे आलेल्या द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकामुळे हा उजेड पृष्ठभागाखाली काहीशे मायक्रॉनपर्यंत टिपता येतो.

येथे आपला प्रमाणविचार उपयोगी पडतो. डोळ्यांना दिसतो तो केवळ प्रकाश. त्यावरून कॅल्शिअमचे व कॅल्शिअमवरून चेतापेशीच्या कार्याचे अनुमान करावयाचे. चेतापेशीचा विद्युत् आवेग सुमारे एक सहस्रांश सेकंदात संपतो. ही चमक त्याच्या कितीतरी पट रेंगाळते. म्हणजे हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमानच होय. धुरावरून अग्नी कळतो. चुलीवरचा भात शिजला की नाही, हे कळत नाही. शिवाय उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी, तर मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. धी, धृती व स्मृती यांची परीक्षा अखेर मनुष्यातच व्हावयास हवी.

म्हणून हे तंत्र त्याज्य ठरत नाही. त्याच प्राण्याच्या त्याच पेशी औषधापूर्वी व औषधानंतर अनेक आठवडे पाहता येतात, हे त्याचे मोठे बळ. द्रव्याची ओळख व मात्रा निश्चित करून, औषध न दिलेल्या गटाशी तुलना करून आपल्या संशोधन संस्थांनी ते जरूर वापरावे.

फार्मसीचालक बंधूंना मात्र आग्रहाची विनंती, की उजळलेल्या पेशींचे चित्र वेष्टनावर छापून स्मरणशक्तीची हमी देऊ नये. दिशाभूल करणाऱ्या औषधजाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहेच. परंतु कायद्याहून मोठा आहे तो रुग्णाचा विश्वास. परीक्षेच्या चिंतेने मुलाला घेऊन येणारी माता ते चित्र पुरावा समजूनच पैसे मोजते. जे सिद्ध झाले तेवढेच तिला सांगणे, हा आपला वैद्यधर्म आहे.