वैद्याची वर्गणी आणि इस्पितळाचा विमा

पिकाचा विमा उतरला म्हणून कोणी शहाणा शेतकरी निंदणी-फवारणी टाकून देत नाहीं. परंतु शरीराच्या बाबतींत आपण नेमकी हीच चूक करितों. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, मग आजाराची चिंता कशाला, असें पुष्कळांस वाटतें. ह्या समजुतीचा विचार होणें अवश्य आहे.

ही योजना २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी ह्या नांवानें सुरू झाली व २०१७ सालीं तिला सध्याचें नांव मिळालें. शेतीच्या दृष्टीनें संकटग्रस्त अशा चौदा जिल्ह्यांत जालन्याची गणना झाल्यामुळें येथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसही तिचा लाभ मिळाला. पुढें २०२३ सालच्या निर्णयानें ती सर्व कुटुंबांस खुली झाली व मर्यादा पांच लाख रुपयांवर गेली. उपकार मोठा खरा. पण हें द्रव्य प्रायः रोगी इस्पितळांत दाखल झाल्यावरच कामीं येतें. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, लेकराचा ताप हीं त्या कक्षेबाहेर राहतात. सरकारी दवाखान्यांत २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तथापि ऐन वेचणींत दिवसाची मजुरी बुडवून तेथें जाण्याऐवजीं माणूस दुखणें अंगावर काढतो. मग एके दिवशीं पक्षाघात होतो. शस्त्रक्रियेचा खर्च योजना देईल. निकामी झालेला हात कोण देणार?

ह्यावर उपाय वर्गणीचा. अमेरिकेंत कांहीं डॉक्टर सभासदांकडून दरमहा ठराविक रक्कम घेऊन नित्याची तपासणी व सल्ला देतात. त्यांत विमा कंपनीचा संबंध नसतो. मोठ्या आजारासाठीं सभासद विमा निराळा ठेवितो. पण इतकें दूर कशाला जावें? वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत भोंवतालच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपानें वार्षिक वर्गणी घेण्याची पद्धत चालविली. डॉ. उल्हास जाजू हे तिचे प्रमुख प्रवर्तक. वर्गणी सुगीच्या वेळीं व ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें घेत. तिच्या बळावर गांवांत आरोग्यसेवक व औषधें, आणि भारी दुखण्यास रुग्णालयांत सवलतीचा उपचार, अशीं दोन्हीं टोकें सांधलीं गेलीं.

आपल्या संस्थांनीं हा धडा घ्यावा. कापूस-सोयाबीनचे पैसे हातीं येतात तेव्हांच जमिनीच्या मानानें वर्गणी गोळा करावी आणि ठरल्या वारीं गांवीं येणारा डॉक्टर नेमावा. औषधें व तपासण्या वर्गणींत धरल्या आहेत कीं नाहींत, हें करारांत स्पष्ट लिहावें. केवळ आजारीच सभासद झाले तर निधि टिकणार नाहीं. यास्तव धडधाकट कुटुंबांनींही सामील व्हावें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. वर्गणी म्हणजे विमा नव्हे. सर्पदंश, अपघात, हृदयविकार ह्यांचा भार ती पेलणार नाहीं. म्हणून योजनेचें कार्ड प्रत्येक घरीं असलेंच पाहिजे. बांध आणि विहीर दोन्हीं लागतात. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.