हाताची नस सावरताना

इतवारी वा गांधीबागेतील कापडाच्या दुकानात ज्याचा उजवा हात चालेनासा होतो, त्याचे अर्धे दुकानच बंद पडते. तागा उलगडणे, वरच्या फळीवरील माल काढणे, शटर उचलणे ही सारी खांद्याची आणि कोपराची कामे. दुचाकीवरून पडताना मान एका बाजूस व खांदा दुसऱ्या बाजूस ताणला गेला, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला इजा होते. ५ मुळांपासून बनलेल्या या जाळ्यास डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. हाडाचे प्लास्टर निघते, हात मात्र लोंबतच राहतो आणि घरातील मंडळी अधीर होतात.

व्यापारी घरांना हिशेबच अधिक पटतो, म्हणून तोच मांडतो. सावरणारी नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंतचे अंतर २० ते २५ सेंटिमीटर धरले, तर तेथे पोहोचण्यास ७-८ महिने लागतात. बोटांपर्यंत त्याहून कितीतरी अधिक. अर्थात मूळच मज्जारज्जूपासून उपटले गेले असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही. ती नस आपोआप वाढत नाही. त्यात स्नायूचीही मुदत असते. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुढे नस मिळूनही जागा होत नाही. यास्तव ३ महिन्यांत हालचालीचे चिन्ह नसेल, तर ‘थोडे थांबून पाहू’ म्हणत तेलमालिशीवर दिवस काढू नयेत. या नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञास दाखवावे.

नस स्नायूपर्यंत पोहोचण्यापूर्वी वजने उचलण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. तोवरचा व्यायाम सांध्यांचा. दुसऱ्या हाताने अथवा घरातील कोणाच्या आधाराने खांदा, कोपर, मनगट आणि प्रत्येक बोट दिवसातून ३-४ वेळा हळुवार फिरवावे. खांदा आखडला, तर नस सावरूनही हात वर जात नाही. शस्त्रक्रिया झाली असल्यास मात्र शल्यविशारदांनी परवानगी देईपर्यंत हात बांधलेलाच ठेवावा.

पुढे स्नायूचे बळ ० ते ५ अंकांत मोजतात आणि त्यावरून व्यायाम ठरतो. बोटाखाली नुसता थरार जाणवला, तर १. तेव्हा दोन्ही हातांनी एकदम तीच हालचाल करण्याचा प्रयत्न करावा. २ असताना हाताचा भार दुसऱ्या कशावर तरी टाकावा लागतो: खांद्याच्या उंचीच्या गुळगुळीत टेबलावर पावडर भुरभुरवून हात ठेवावा व कोपर आडवे वाकवावे; पाठीवर निजून हात चादरीवरून बाजूस सरकवावा. ३ झाल्यावर हात स्वतःच्या भाराविरुद्ध उचलता येतो. भिंतीवर बोटे चढवत नेणे तेव्हाचे. त्यानंतरच वजन. दुकानातील २०० ग्रॅमचे माप आरंभास पुरे. नव्याने जागा झालेला स्नायू लवकर थकतो, म्हणून ५-६ वेळा करून विसावा द्यावा. दुसऱ्या दिवशी हात अधिक दुबळा वाटल्यास आदल्या दिवशी अतिरेक झाला असे समजावे.

नसेची अदलाबदल केलेल्यांचा व्यायाम तर विलक्षणच असतो. फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हाताच्या पंजाकडे जाणाऱ्या नसेचा एक पदर दंडाच्या स्नायूस जोडतात. मग कोपर वाकवण्यासाठी आरंभी मूठ आवळावी लागते. बरगड्यांमधील नस जोडली असेल, तर दीर्घ श्वास घेताच कोपर हलू लागते! मेंदू ही नवी वाट हळूहळू शिकतो आणि पुढे श्वासावाचूनही हात वाकतो.

हे घरी स्वतःच्या मनाने ठरवू नये. नागपुरात मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार हे दोन्ही विभाग आहेत. तेथे अंक मोजून घ्यावेत व व्यायाम शिकावा.

बधिर हाताला चटका कळत नाही, हेही घरच्यांनी ध्यानी ठेवावे. मे महिन्यात उन्हात तापलेले शटर, हिवाळ्यात शेकण्याची पिशवी, चहाचा पेला यांपासून तो हात दूर असावा आणि रोज रात्री दिव्याखाली त्याची कातडी पाहून घ्यावी.