लोअर परळमधला ‘लोअर’

घरांच्या जाहिरातींत लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणायची टूम निघाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ‘लोअर’ हे कमीपणाचं विशेषण आहे, कोट्यवधींच्या घराच्या पत्त्यात ते शोभत नाही, असं त्याचं समर्थन केलं जातं. हे समर्थन टिकणारं नाही. हे विशेषण आपली किंमत पुढच्या नामाकडून घेतं. ‘लोअर कोर्ट’ दर्जाने खालचं, कारण तिथे अपिलाची उतरंड आहे. पण ‘लोअर हाउस’ म्हणजे आपली लोकसभा, आणि धनविधेयकावर अंतिम अधिकार तिचाच. लांबच्या गाडीत ‘लोअर बर्थ’ मिळावा म्हणून माणसं धडपडतात. ‘लोअर इजिप्त’ तर नकाशात वर, उत्तरेला आहे, कारण नाईल तिकडे उतरत जाते. आपला ‘खालचा’ही तसाच. ‘खालची जात’ म्हणण्यात विष आहे, ‘खालची वाडी’ म्हणण्यात नुसता उतार. मुंबईच्या गिरणीत कामाला आलेला रत्नागिरीचा माणूस गावाकडे वरची वाडी, खालची वाडी म्हणतच वाढलेला. त्याला ‘लोअर परळ’ म्हणताना कधी संकोच वाटायचं कारण नव्हतं.

परळचा ‘लोअर’ या उताराच्या जातीचा आहे. परळ हे मुळातलं बेट. ते आणि वरळी यांच्यामधल्या सखल पट्ट्यात भरतीचं पाणी शिरायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून महालक्ष्मीजवळची खाडी अडवली, तेव्हा कुठे हा पट्टा वापरात येऊ लागला आणि पुढे त्यावर गिरण्या उभ्या राहिल्या. जमिनीचा हा स्वभाव अजून गेलेला नाही. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की आसपासचे सखल भाग आधी भरतात. जवळच्या हिंदमाता भागात साचणाऱ्या पाण्यासाठी पालिकेला जमिनीखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. ज्या विशेषणात जमिनीची इतकी खरी माहिती आहे, ते घर घेणाऱ्यापासून लपवायचं कशाला?

यावर कुणी म्हणेल, नावं बदलतातच. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं 2018 साली प्रभादेवी झालं, करी रोडचं लालबाग आणि चर्नी रोडचं गिरगाव करण्याचा ठराव 2024 साली विधिमंडळात मंजूर झाला. खरं आहे. पण तिथे साहेबी किंवा रेल्वेने रुळवलेलं नाव काढून वस्तीच्या तोंडचं नाव आणायचा प्रयत्न आहे. ‘अप्पर वरळी’त नेमकं उलट होतं. आणि एक गोष्ट नीट पाहावी. ‘लोअर’ एवढंच खटकत असतं, तर ते गाळून नुसतं ‘परळ’ ठेवता आलं असतं. तसं कुणी केलं नाही. विशेषणाबरोबर नामही गेलं. म्हणजे नको होतं ते परळ: फिनिक्स आणि कमला मिलचं, गिरणीच्या भोंग्यावर उठणारं, 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांच्या संपात उतरलेलं परळ.